वामनरावांना काढा

१

ज्या मंगळवारी बातमी आली, त्या दिवशी मी पाणी भरत होते. जुलै लागला तरी खडकवासल्यात पाणी नव्हतं. नळ सकाळी एकदाच यायचा, आणि तोही मेहेरबानी केल्यासारखा. त्यामुळे सात वाजता फोन वाजला तेव्हा माझा एक डोळा बादलीवर होता.

फोन आनंदरावांचा, म्हणजे माझ्या प्रकाशकांचा. ते नेहमी सकाळी सातलाच फोन करतात. त्यांच्या मते त्या वेळी लेखक घरात सापडतो आणि त्याचा अहंकार अजून अंथरुणात असतो.

"जोगळेकरबाई, कादंबरी वाचली. छापू."

वीस वर्षं मी कथा लिहिते आहे. कादंबरी ही पहिलीच, बावन्नाव्या वर्षी. आता काहीतरी शोभेल असं बोलावं म्हणून मी शब्द शोधत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "पण तीत एक माणूस जास्त आहे."

"कोण?"

"तुम्हाला माहीत आहे."

"वामनराव?"

"एकशे ऐंशी पानं हे गृहस्थ खुर्चीत बसून आहेत. तपकीर ओढतात, शिंकतात, चहा झाला का विचारतात. आणखी काय करतात?"

"नायिकेचा नवरा आहे तो."

"असेल. तसला नवरा वाचकांच्या घरी असतोच. त्याला बघायला कोणी पुस्तक विकत घेत नाही. वामनरावांना काढा. निघत नसतील तर मारा. गणपतीच्या आत प्रत द्या."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी मी असेन, याची हमी मात्र मी देत नाही."

त्यांनी फोन ठेवला. बादली भरून पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि खालच्या मजल्यावरच्या द्वारकाबाई जिन्यातून विचारत होत्या, "धरण तुमच्याकडेच भरलं का हो?"

मी फरशी पुसली. अपेक्षाला, म्हणजे माझ्या मुलीला, बातमी सांगितली. ती बुटांचे बंद बांधत होती. कंपनीची गाडी खाली हॉर्न देत होती. "वॉव आई! संध्याकाळी सेलिब्रेट करू," असं ती जिन्यातूनच ओरडली. रात्री साडेदहाला ती परत आली तेव्हा मी झोपले होते.

२

वामनराव कोण, हे सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझे यजमान रंगनाथ वारले. रस्त्यात चालता चालता गेले. भरभर चालायचे, तसेच गेले. त्याच सुमारास मी नोकरीला होते त्या बँकेत संगणक आले आणि आम्हा कितीतरी जणांना स्वेच्छेनं निवृत्त करण्यात आलं. हातात दिवस मोकळे होते आणि दुसरं काही सुचत नव्हतं. चौदा महिन्यांत मी कादंबरी लिहिली. तीत रंगनाथ आपोआपच आले.

पण घरातलं माणूस जसंच्या तसं चव्हाट्यावर मांडायचं नाही, एवढी शिकवण मला आहे. म्हणून मी त्यांना बदललं. रंगनाथ दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचे. वामनरावांना मी डावा पाय ओढत चालायला लावलं. रंगनाथ कॉफीवाले; वामनरावांना चहा दिला. रंगनाथ तपकिरीच्या डबीला हातही लावत नसत. वामनरावांना मी ती ओढायला लावली, आणि वर एक लकब दिली. ते लागोपाठ दोनदा शिंकत, आणि तिसरी शिंक गिळून टाकत. ती लकब मला फार आवडली होती.

आता त्यांना काढायचं होतं. त्यातच आषाढ सुरू झालेला. दिवाळी अंकांच्या संपादकांची पत्रं येऊ लागली होती आणि मी चार कथा कबूल करून बसले होते. म्हणून मी वेळापत्रक केलं. सकाळी कादंबरी, दुपारी कथा. सकाळी कापायचं, दुपारी लिहायचं.

वामनरावांच्या प्रत्येक पानावर मी एक तिरकी रेघ मारत असे आणि ते पान गठ्ठ्यातून बाहेर काढत असे. मागची बाजू कोरी राही. आमच्या घरात पाठकोरा कागद टाकत नाहीत. रंगनाथ तर लग्नपत्रिकांची पाकिटंही उलटी करून वापरायचे. तेव्हा दुपारी त्याच पानांच्या पाठीवर मी कथा लिहू लागले.

पहिली कथा बँकेतल्या एका रोखपाल बाईच्या शेवटच्या दिवसाची होती. ती टाइप करायला मी आमच्या सदाशिव पेठेतल्याच रुपालीकडे दिली. रुपाली अमरावतीची. एका जिन्याखालच्या खोपट्यात तिचा संगणक, प्रिंटर आणि पंखा आहे. चार दिवसांनी मुद्रित आलं. मी वाचत गेले. पाचव्या पानावर रोखपाल बाई किल्ल्या परत करते, आणि लगेच पुढे:

'दाराशी वामनराव उभे होते. "चहा झाला का?" त्यांनी विचारलं.'

मी तशीच रुपालीकडे गेले.

"अगं, हे कोण?"

तिनं माझी पानं काढली, उलटीसुलटी केली आणि कपाळावर हात मारला. "मॅडम, पंख्यानं पानं उडाली होती न. गोळा करताना एक पान पालथं पडलं असंल. मी मागचंच टाइप करून टाकलं. तुम्ही काऊन अशा वापरलेल्या कागदावर लिहिता पण?"

"कागद वाया जातो."

"अन् माझी मेहनत नाही जात का?"

दोघीही हसलो. पुढच्या वेळी मागच्या बाजूवर मोठी फुली मारून देईन, असं मी कबूल केलं.

३

दुसरी कथा मुलींच्या वसतिगृहातली होती. तीत एकही पुरुष नव्हता. रखवालदारसुद्धा मी रजेवर पाठवला होता. प्रत्येक पानाच्या पाठीवर लाल फुली होती.

मुद्रित आलं. अधीक्षक बाई आपल्या खोलीचं दार उघडतात. खुर्चीत वामनराव बसलेले. दोनदा शिंकतात. तिसरी गिळतात. मग म्हणतात, "तिकडे जागा उरली नाही. इथे बसतो."

या वेळी मी जरा तावातच गेले. रुपालीनं आधी पाणी दिलं, मग माझं हस्तलिखित पुढ्यात ठेवलं.

"मी काय माझ्या मनानं टाकून राहिली का, मॅडम? हे पहा नं."

पान सरळच होतं. पाठीवर फुली होती. पुढच्या बाजूला, कथेच्या मधोमध, त्याच निळ्या शाईत, त्याच ओळीत वामनराव होते. अक्षर माझं होतं. माझा 'ळ' थोडा डावीकडे कलतो, तोही कलला होता.

"तुम्हीच लिहिलं होतं," रुपाली म्हणाली. मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाली, "छान आहे पण. मला तर हसू आलं."

घरी येईपर्यंत मी कारण शोधून काढलं. जानेवारीत आम्ही सगळे बँकेत महिनाभर जुनंच साल लिहायचो. हाताला सवय असते. चौदा महिने ज्या माणसाबद्दल रोज लिहिलं, तो एखाद्या दुपारी हातातून सांडला तर नवल नाही. वामनरावांना कादंबरीतून काढतानाच मी थकत असणार आणि नकळत इकडे लिहीत असणार. कारण अगदी पटण्यासारखं होतं. फक्त "तिकडे जागा उरली नाही" हे वाक्य कादंबरीत कुठेच नव्हतं.

ते कापून टाकायला वेळ नव्हता. कथा तशीच पाठवली. संपादकांचं उलट टपालानं कार्ड आलं: 'कथा उत्तम. शिंकणारे गृहस्थ झकास. आणखी कुठे असतील तर आमच्याकडेच पाठवा.'

वीस वर्षांत या संपादकांनी माझ्या कुठल्याही पात्राची चौकशी केली नव्हती.

४

तोपर्यंत शंभरेक पानं निघाली होती. ऑगस्ट लागला होता.

दुपारी दोनच्या सुमारास आमच्या इमारतीत फार शांतता असते. द्वारकाबाई झोपतात. त्यांची घंटा वाजवणाऱ्याचं काय होतं, हे कुरिअरवाल्यांना ठाऊक आहे. अशाच एका दुपारी मी मागच्या खोलीत तिसरी कथा लिहीत होते, आणि पुढच्या खोलीत कोणीतरी शिंकलं.

मी पेन थांबवलं.

पुन्हा शिंक आली.

मग मी वाट बघत बसले. आपण कशाची वाट बघतो आहोत हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. तिसरी शिंक आली नाही. पण ती गिळली गेली, ते मात्र नीट ऐकू आलं.

मी उठून पुढच्या खोलीत गेले. खुर्ची, दिवाण, टीव्हीवर अपेक्षानं टाकलेली ओढणी. खिडकीशी जाऊन खाली बघितलं. आमच्या बाथरूमची वायुवाट द्वारकाबाईंच्या बाथरूमला जोडलेली आहे. त्यांच्याकडचं भांडणसुद्धा आमच्याकडे स्पष्ट येतं. त्यांचे जावई आले असतील. जावयांना सर्दी असेल. मी परत येऊन बसले आणि त्या दुपारी एक ओळही लिहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मथुराबाई माझ्यावर चिडली. मथुराबाई आमच्याकडे नवीन, सोमवारपासूनच कामाला लागलेली. मांजरी गावाकडची आहे, मुलाकडे इथे राहते. रंगनाथ गेल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं. दोघीच बायका घरात आहेत हे नव्या माणसाला लगेच सांगू नये म्हणतात, म्हणून त्यांच्या चपलाही मी दाराशी तशाच ठेवल्या होत्या.

"बाई, मालकांना सांगा की," ती पोचा पिळत म्हणाली, "फरशी वली आसताना चालू नका. आत्ता पुसली, आन् आत्ता रेघारेघा. पाय वढत जात्यात."

मी म्हटलं, "सांगते."

ती बादली उचलून निघाली तेव्हा मी विचारलं, "तू पाहिलंस त्यांना?"

"म्या कशाला वर बगू? मान खाली घालून पुसते म्या. पायच दिसला."

"कोणता?"

"डावा. उजवा बरा हाय त्यांचा." मग तिला माझी दया आली असावी. "तिळाचं त्याल लावा. माझ्या दिराचं असंच हुतं."

ती गेल्यावर मी पुढच्या खोलीत जाऊन बघितलं. फरशी वाळत आली होती. दारापासून खुर्चीपर्यंत एक पट्टा आधी वाळला होता. बोटभर रुंद. फरशी काही सगळीकडे सारखी वाळत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

५

रविवारी अपेक्षा घरी असते. म्हणजे देहानं असते. ती पोहे खात होती आणि मांडीवरच्या संगणकावर कोणा अमेरिकन माणसाला उत्तर लिहीत होती.

"आई, काल वीअर्डच झालं," ती मधेच म्हणाली. "ऑफिसमध्ये एक नवीन मॅनेजर आलाय, तो बाबांसारखा शिंकतो. दोनदा, आणि मग तिसरी गिळतो. मला इतकं रडायला आलं ना, मी वॉशरूममध्ये जाऊन बसले."

माझ्या हातात पोह्यांचं पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं.

"बाबा असे शिंकायचे?"

"म्हणजे काय? तपकीर ओढून! तू किती ओरडायचीस. उशीच्या अभ्र्यांवर डाग पडायचे."

"अपेक्षा, तू माझी कादंबरी वाचलीस का?"

"सॉरी ना, आई. छापून आली की वाचते, प्रॉमिस. तुझं अक्षर वाचणं म्हणजे सेपरेट प्रोजेक्ट आहे."

"रुपालीनं टाइप केलेल्या कथा?"

"नाही गं. का?"

"तुझे बाबा कॉफी प्यायचे," मी म्हटलं.

ती हसली. "कोणाचे बाबा? आल्याचा चहा प्यायचे. दर अर्ध्या तासाला 'चहा झाला का?' आई, तुला बरं वाटतंय ना? डॉक्टरांकडे जायचं का?"

मी नको म्हटलं. ती पुन्हा अमेरिकेकडे वळली.

मी आतल्या खोलीत जाऊन अल्बम काढला. खडकवासल्याच्या चौपाटीवरचा एक फोटो आहे. अपेक्षा आठवीत असतानाचा. ती कणीस खाते आहे, मी डोळ्यांवर हात धरला आहे, मागे पाणी आहे. रंगनाथ आमच्या शेजारी उभे आहेत. सगळा भार उजव्या पायावर. डावी टाच जमिनीपासून दोन बोटं वर.

कदाचित खडा टोचला असेल. कदाचित ते तेव्हाच पाऊल उचलत असतील.

मी डोळे मिटले आणि त्यांना जिन्यावरून वर आणायचा प्रयत्न केला. दोन-दोन पायऱ्या, तो धप् धप् आवाज, कडी वाजायच्या आधीच येणारी हाक. तीस वर्षं रोज ऐकलेला आवाज होता तो. पण जिन्यावरून जे वर आलं, ते सावकाश आलं. एक पाऊल, मग फरफट. एक पाऊल, मग फरफट.

तेव्हा मला खरी भीती वाटली. पुढच्या खोलीत कोण येतं याची तितकीशी नव्हती. त्याला जागा करून देण्यासाठी कोण निघून चाललं आहे, याची होती.

६

मी हिशेबी बाई आहे. एवढं उघड होतं की कादंबरीतून जेवढे वामनराव निघत होते, तेवढे घरात येत होते. आता शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. त्यात वामनराव खिडकीशी बसलेले असतात आणि कादंबरी संपते. ती पानं काढली की आनंदरावांना प्रत देता येणार होती आणि वामनरावांना तिकडे बसायला एक ओळही राहणार नव्हती.

बुधवारी दुपारी दोन वाजता मी ते प्रकरण पुढ्यात घेतलं. वेळापत्रकाप्रमाणे ही कथेची वेळ होती, पण चौथी कथा लिहायची माझी हिंमत नव्हती. ती कोणाची झाली असती कोण जाणे. पेनाचं टोपण काढलं. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात टोक टेकवलं.

शिंक आली. या वेळी पुढच्या खोलीतून नव्हे, दारातून.

दुसरी आली.

मग पाय निघाला. माझ्या पाठीमागून, सावकाश. एक पाऊल आणि फरफट. तपकिरीचा वास आला. माझ्या डावीकडे लोखंडी कपाट आहे आणि त्याच्या दारावर अरुंद आरसा. मी मान वळवली नाही. फक्त डोळे वळवले.

आधी टाच दिसली, उचललेली. मग घडी मोडलेला पायजमा. हातात डबी. सदऱ्याची तीन बटणं, चौथं तुटलेलं. हे तुटलेलं बटणही मी लिहिलं होतं, बाराव्या प्रकरणात. मग गळा. मग गळ्याच्या वर माझे डोळे गेले, आणि मी लगेच समोरच्या कागदाकडे बघू लागले.

तिथे काय होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी ते लिहिलेलंच नव्हतं. एकशे ऐंशी पानांत मी वामनरावांचा पाय लिहिला, शिंक लिहिली, बटणं लिहिली. चेहरा एकदाही लिहिला नाही. लिहिताना तो माझ्यासमोर असायचाच. मला त्याची गरज पडली नाही.

कोणीतरी माझ्या खांद्याजवळ श्वास घेत होतं. श्वास घ्यायला नाक लागतं, असा एक मूर्ख विचार माझ्या डोक्यात आला.

मी टोपण लावलं.

"चहा ठेवते," मी म्हटलं, आणि मान खाली घालून, मथुराबाईसारखी, स्वयंपाकघरात गेले. चहा केला. आलं घातलं. परत आले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. चहा वाया जाऊ नये म्हणून मी तो प्यायले. मला चहा आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मीच आनंदरावांना फोन केला.

"वामनराव निघत नाहीत," मी म्हटलं.

"मग मारा."

"एकदा गेलेत ते."



"हे मला आधीच कळायला हवं होतं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं मऊ वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते त्यांनाही जाणवलं असावं, कारण ते लगेच खेकसले. "ठेवायचे तर नीट ठेवा मग! नुसता एक पाय आणि अडीच शिंका म्हणजे माणूस नव्हे. पुरा माणूस आणा. तसा आणलात तर एक ओळ कापणार नाही."

मी कापलेली पानं रुपालीकडून परत आणली. मागच्या बाजूला कथा, पुढच्या बाजूला तिरक्या रेघा. एकेक पान नव्या कागदावर उतरवलं, दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदावर. रुपाली म्हणाली, "आता सुधारल्या तुम्ही." चौथ्या कथेच्या संपादकांना नकार कळवला. अर्धी कादंबरी परत भरली तेव्हा दुपारच्या शिंका कमी झाल्या. मथुराबाई म्हणाली, "गुण आला जनू तेलाचा."

पण परवा पहाटे जिन्यावर आवाज आला तेव्हा मी कान देऊन ऐकलं. अजून फरफटच होती.

बाकी सगळं झालं आहे. एकच वाक्य हवं आहे, फार तर दोन. कपाळ कसं होतं, नाक कसं होतं, हसताना काय व्हायचं. रोज सकाळी बसते. 'वामनरावांचा चेहरा' एवढं लिहिते आणि थांबते. अपेक्षा म्हणते, "फोटो बघून लिही की, आई, सिंपल आहे." फोटोत मी पाय बघितला आहे. वर बघायची माझी तयारी नाही. तिथे काही असेल तर ते कोणाचं असेल, आणि नसेल तर काय, हे मला आत्ताच कळायला नको आहे.

गणपती येऊन गेले. आनंदरावांचा फोन आला नाही, हा त्यांचा चांगुलपणा. दिवाळी अंक छापायला गेले.

चेहरा अजून लिहायचा राहिला आहे.